जुनी गाडी घेताय? आधी तिची थकबाकी मोजा

माझी पहिली गाडी मी वापरलेलीच घेतली होती. नऊ वर्षं जुनी, पेट्रोलची, रंग चकचकीत, आत सीट स्वच्छ आणि किलोमीटर वयाच्या मानानं बरेच कमी. तिसऱ्या आठवड्यात एका चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकताना दिसला. दहा मिनिटांवर पोचायचंच आहे, मग बघू, म्हणून मी तशीच पुढे नेली. त्या दहा मिनिटांत रेडिएटरचा वरचा होस पाइप फाटला, सगळं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रस्त्यावर गेलं आणि इंजिनचं हेड, म्हणजे त्याचा वरचा भाग, तापून वाकलं. हेड उतरवणं, घासून सपाट करणं, हेड आणि इंजिनमधलं नवं गॅस्केट (सीलबंद ठेवणारा पातळ थर), नवं कूलंट असं सगळं मिळून गाडीच्या किमतीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढं बिल झालं. मेकॅनिकनं फाटलेला पाइप माझ्या हातात ठेवला आणि दाबून बघायला सांगितलं. रबर बिस्किटासारखं तुटत होतं. वेळेवर बदलला असता तर हेडच्या कामापुढे त्या पाइपचा खर्च काहीच नव्हता.

तो पाइप माझ्याकडे येऊन तीन आठवड्यांत खराब झाला नव्हता. आधीच्या मालकानं कित्येक वर्षं न केलेलं काम माझ्या वाट्याला आलं होतं. तेव्हापासून कुठलीही जुनी गाडी बघताना मी मनात दोन आकडे ठेवतो. एक विकणारा सांगतो ती किंमत आणि दुसरा त्या गाडीवरची थकबाकी, म्हणजे करायला हवी होती पण कुणी केली नाहीत त्या कामांचा खर्च. नवीन घेणाऱ्याला पहिला आकडा दिसतो. दुसरा कसा शोधायचा ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी: किलोमीटरवर भुलू नका, वय विचारा

इंजिनच्या आतले धातूचे भाग किलोमीटरनं झिजतात. पण रबर, प्लास्टिक, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी आणि टायर यांची वर्षंही मोजावी लागतात. गाडी उभी राहिली तरी ते म्हातारे होतातच. त्यामुळे दहा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली, बहुतेक वेळ उभी असलेली गाडी ही सव्वा लाख किलोमीटर नियमित चाललेल्या आणि वेळच्या वेळी सर्व्हिस झालेल्या गाडीपेक्षा जास्त खर्चात पाडू शकते. मला निवड करायची वेळ आली तर मी दुसरीच घेईन.

शिवाय मीटरवरचा आकडा खराच असेल असं नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टेअरिंगवरची पकडायची जागा, गिअरची मूठ आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा. मीटर चाळीस हजार सांगतंय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर विश्वास पेडलवर ठेवा.

बघायला जाण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी करून घ्या. त्या मॉडेलच्या इंजिनला टायमिंग बेल्ट (इंजिनच्या फिरत्या भागांचा मेळ राखणारा रबरी पट्टा) आहे की त्याच कामाची चेन, हे शोधून ठेवा. आणि त्याचे सुटे भाग अजून सहज मिळतात का, याची एखाद्या गॅरेजवाल्याकडे चौकशी करा. स्वस्तात मिळणाऱ्या दुर्मीळ गाडीचा एक सेन्सर मिळवायला महिनाभर थांबावं लागलं, की तिचा स्वस्तपणा संपतो. मग विकणाऱ्याला फोनवर एवढंच सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

दुसरी पायरी: थंड इंजिनापाशी दहा मिनिटं

पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. त्यामागे साधं कारणही असू शकतं, पण थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणं परवडतं.

डिपस्टिक बाहेर काढा, पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं असलं तर घाबरू नका, डिझेलमध्ये तर ते लगेचच काळं होतं. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये कूलंट मिसळतंय, तिथून निघा. ऑइलच्या झाकणाखाली थोडी पिवळसर साय मात्र फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ साचूनही धरते, तेवढ्यावर निकाल देऊ नका. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर मालक ऑइल बघतच नाही हे कळलं, आणि ती माहिती इतर अनेक गोष्टींपेक्षा मोलाची आहे.

कूलंटच्या टाकीत डोकावा. हिरवं, लाल, निळं, गुलाबी यांपैकी कुठलाही स्वच्छ रंग चालेल. गढूळ तपकिरी पाणी म्हणजे आत गंज आहे आणि बहुधा वर्षानुवर्षं साधं पाणीच भरलं गेलंय. वर तेलाचा तवंग तरंगत असेल तर ते दुधाळ ऑइलइतकंच वाईट लक्षण. जाड होस पाइप बोटांनी दाबून बघा: रबर लवचिक लागलं पाहिजे. कडक, भेगाळलेलं किंवा उलट फुगून मऊ झालेलं असेल तर थकबाकीच्या यादीत लिहा.

आता चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग असे दिवे लागले पाहिजेत. काही सेकंदांत एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा विझतो, बाकीचे इंजिन सुरू झाल्यावर विझतात. एखादा दिवा लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि एअरबॅग गायब असलेली गाडी अशीच गळ्यात पडते.

मग सेल्फ मारा आणि कान द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनच्या एका बाजूनं खडखडाट येऊन थांबला, तर टायमिंगची चेन सैल झालेली असू शकते. धूर बघायला मित्राला मागे उभं करा. थंडीत सुरुवातीला पातळ पांढरी वाफ येते आणि विरते, ती नेहमीची. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभ्या गाडीनं सुरू होताच निळा झोत सोडला आणि तो थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील कडक झाली आहेत. अशी गाडी अधूनमधून ऑइल भरत पुष्कळ चालवता येते. पण वेग घेताना, चढावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग किंवा टर्बोकडे बोट जातं, आणि ते काम मोठं असतं. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो, तर डिझेलमध्ये कधी इंजेक्टर थकलेले असतात.

तिसरी पायरी: चालवून बघा, गाणी बंद ठेवून

क्लच सोडताना गाडी कुठे पकडते ते बघा. पेडल पार वर आल्यावर पकडत असेल तर क्लच प्लेट संपत आलेली असू शकते. खात्री करायची साधी युक्ती: मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात तिसरा किंवा चौथा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज झपकन चढला आणि वेग मात्र तिथंच राहिला, तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक गाडीत डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकल्यावर गाडी ओढ घ्यायला वेळ लावते का, गिअर बदलताना धक्का देते का, ते बघा. तिचं गिअर ऑइल 'आयुष्यभर बदलायला नको' असं सांगणारे भेटतील. जुन्या गाडीच्या बाबतीत मी ते मानत नाही.

मागेपुढे कुणी नसताना एकदा दमदार ब्रेक लावा. स्टेअरिंग थरथरलं तर डिस्कची जाडी असमान झाली आहे. गाडी एका बाजूला ओढली तर एका चाकाचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक आवळणारा भाग) अडकत असेल. उभ्या गाडीत पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा भाग) आतून गळतोय आणि अशी गाडी ब्रेक दुरुस्त होईपर्यंत चालवायचीच नाही.

मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक-टक असा ठेका ऐकू आला तर सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळत्या चाकापर्यंत नेणारा एक्सलचा सांधा) गेलाय. खड्ड्यांवर खालून 'ठक' वाजलं तर सस्पेन्शनमधले स्टॅबिलायझरचे लिंक रॉड किंवा रबरी बुश झिजलेत, आणि हे दहा वर्षांच्या गाडीत इतकं सर्रास असतं की त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. वेगाबरोबर वाढत जाणारा एकसुरी घूंऽऽ आवाज, जो वळणावर कमीजास्त होतो, तो व्हील बेअरिंगचा. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

एसी, हीटर, काचा, वायपर, सगळे दिवे चालू-बंद करून बघायचे, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. फक्त एसी लावल्यावर इंजिन बंद पडायला आलं तर ते लिहून ठेवा.

चौथी पायरी: तुमचा मेकॅनिक, लिफ्ट आणि स्कॅनर

विकणाऱ्याचा नाही, तुमचा. त्याला तपासणीचे पैसे द्या, म्हणजे तो तुमच्यासाठी बघेल. गाडी लिफ्टवर चढली की खालचं जग दिसतं: ऑइलची गळती, सायलेन्सरला पडलेली भोकं, एक्सलच्या सांध्यावरचे फाटलेले रबरी बूट (आवरणं), आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गंज. सायलेन्सरचा गंज किरकोळ. चेसिस (सांगाडा), सिल (दारांखालची पट्टी) आणि सस्पेन्शन जिथे जोडलंय त्या जागा टोकदार वस्तूनं टोचल्यावर भुसभुशीत लागल्या, तर गाडी कितीही स्वस्त असो, नको. इंजिन बदलता येतं, सांगाडा बदलणं परवडत नाही.

अपघाताच्या खुणा शोधायला पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पाना लावून उडालेला आहे का? दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का? पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, त्यावर पाण्याची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातला गाळही तेच सांगतो. बुडालेली गाडी कधीच घेऊ नका. तिच्या वायरिंगचे आजार वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतात.

स्टेअरिंगखाली बिघाड तपासायचं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की इंजिनच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड दिसतात. पण कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, कारण बघायला येणाऱ्याच्या आधी ते पुसता येतात. म्हणून स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' नावाचा भाग उघडा. कोड पुसले किंवा बॅटरी काढली, की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दाखवू लागतात आणि पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर हल्लीच काहीतरी पुसलंय.

कोडबद्दल आणखी एक. कोड बिघाडाचं लक्षण सांगतो, खराब भागाचं नाव नाही. पी ०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचं) काम कमी पडतंय असं सांगतो, आणि लोक थेट तो महागडा कन्व्हर्टर बदलतात. कारण एक्झॉस्टची गळती किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सरही असू शकतं. पी ०३०० म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय, सिलिंडरांत इंधन नीट पेटत नाही. तिथे आधी प्लग आणि कॉइल बघायचे.

कागद बघताना चेसिसवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. कुठे दिसलंच तर एकतर वाचण्यात चूक आहे किंवा नंबरात गडबड. गाडीवर कर्ज शिल्लक नाही याचा लेखी पुरावा मागा.

पाचवी पायरी: यादीला आकडे द्या

आता सापडलेलं सगळं एका कागदावर तीन गटांत मांडा: लगेच करायचं, वर्षभरात करायचं आणि जमेल तेव्हा. टायरचा पुरावा टायरवरच असतो. बाजूला 'डॉट' या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर खोल नक्षी असली तरी दरवर्षी तपासून घ्यायचे, आणि दहा वर्षांपुढे वापरायचेच नाहीत. टायर आतल्याच कडेला झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी ठेवली जात होती, मधोमध झिजला तर जास्त.

प्रत्येक कामाचा अंदाजे खर्च गॅरेजमध्ये विचारून लिहा, पहिल्या दोन गटांची बेरीज करा आणि ती किमतीत मिळवा. ही त्या गाडीची खरी किंमत. याच आकड्यावर भाव करा. 'खूप महाग सांगताय' म्हणण्यापेक्षा 'टायमिंग बेल्ट, चार टायर आणि बॅटरी माझ्याकडून जाणार आहे' असं म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. दोन गाड्यांतून निवडायचं असेल तर बहुतेक वेळा दिसायला महाग पण सर्व्हिसची सगळी बिलं असलेली गाडीच खरी स्वस्त निघते.

सहावी पायरी: पहिल्याच महिन्यात शून्यावर या

गाडी घरी आली की सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम थांबू द्या. पुरावा नसलेलं प्रत्येक काम झालेलंच नाही असं धरा. इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट हे एकदा बदलून टाका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं. जुन्या इंजिनाला जाड ऑइल घालून आवाज दाबता येतो, आणि विकण्याआधी ही युक्ती वापरली जाते.

ब्रेक ऑइलकडे जवळपास कुणीच लक्ष देत नाही. ते हवेतली ओल शोषत राहतं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळलं की नळीत वाफ तयार होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायला लागणारा खर्च फार नसतो. ब्रेक पॅडही याच वेळी बघा: नवे साधारण १० ते १२ मिलिमीटर असतात, ३ वर आले की बदलायचे.

टायमिंग बेल्टबद्दल मी हट्टानं बोलतो. हा रबरी पट्टा क्रँक (पिस्टनांना जोडलेला दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ राखतो. पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीनं येतात, त्यामुळे पट्टा तुटला की ते एकमेकांवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. तुटण्याआधी पट्टा आवाज करेलच असं नाही. बदलण्याची मुदत कंपनीनुसार वेगळी, बऱ्याच गाड्यांत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान, पण सोबत वर्षांची मर्यादाही असते आणि जुन्या गाडीत तीच आधी संपते. शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल तर पुढच्या पगाराची वाट न बघता बदला. सोबत टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर पंपही. मजुरी एकदाच लागते.

जास्त लक्ष कुठे ठेवायचं

पाण्यावर. थंड ठेवणारी यंत्रणा जुन्या गाडीची सर्वांत नाजूक जागा आहे, आणि ती बिघडली की सगळं इंजिन सोबत जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. बंद रेडिएटरमध्ये हवेच्या दाबावर साधारण १ बार जास्तीचा दाब असतो, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. हा दाब धरून ठेवतं ते रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण. झाकणाचं रबर सैल झालं की दाब सुटतो, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. इतका स्वस्त भाग आणि इतकं मोठं काम! गरम इंजिनाचं झाकण उघडू नये याचंही कारण हेच: दाब सुटताच आतलं द्रव एकदम उकळून अंगावर येतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं, नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतात. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि प्राणी ते चाटू शकतात.

काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. हीटर हाही छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढतो. काटा लाल रेषेला आला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद. मी केलं ते करू नका, दहा मिनिटंही नाही. काटा चढलेला असताना हीटरमधून थंड हवा येऊ लागली, तर कूलंट संपलंय. उलट कधी कधी सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचा खाली उतरतो, तो बरा झाल्याचं लक्षण नसतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा.

टाकीतली पातळी दर आठवड्याला थंड इंजिनावर बघा. बाहेर कुठे गळती नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, यांतलं काही दिसलं तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्या.

बॅटरीसाठी एक साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. सगळं बंद असताना तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा.

एक्सलचा बूट फाटलेला दिसला की त्याच आठवड्यात बदला. ग्रीस बाहेर आणि धूळ आत गेली की पूर्ण जॉइंटच बदलावा लागतो. ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालताना लागला तर तिथेच थांबा, पुढच्या वळणापर्यंतही नको. आणि डिझेल गाडीत धुराचा फिल्टर असेल तर फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या तो तुंबवतात, तेवढाच वापर असेल तर पेट्रोलच घ्या.

वर्षाचा हिशेब

जुन्या गाडीचा एक मोठा फायदा आहे: तिची किंमत घसरायची ती बरीचशी घसरून झालेली असते. नव्या गाडीत जे पैसे न दिसता कमी होतात, ते इथे दुरुस्तीच्या बिलावर दिसतात. फरक असा, की ही बिलं सांगून येत नाहीत. म्हणून ती आपणच हप्त्यांत वाटून घ्यायची.

समजा वर्षाला १० हजार किलोमीटर चालवता. टायर ४० हजार चालत असतील तर दरवर्षी एका संचाचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा. बॅटरी चार वर्षं टिकते तर तिचाही चौथा. टायमिंग बेल्टचं पूर्ण काम पाच वर्षांनी येतं असं धरलं, तर त्याचा पाचवा. त्यात वर्षाची सर्व्हिस, विमा, कर आणि पार्किंग मिळवा. मग अचानक येणाऱ्या कामांसाठी वेगळी रक्कम. मी स्वतः गाडीच्या खरेदी किमतीच्या दहा ते पंधरा टक्के दरवर्षी धरतो, आणि पहिल्या वर्षी त्याहून जास्त. एकूण बेरजेला १२ नं भागून तो आकडा दरमहा वेगळ्या खात्यात टाकतो. या महिन्यात काही बिघडलं नाही म्हणून ते पैसे खर्च करायचे नाहीत.

इंधनाचा हिशेबही इथेच येतो. १५ चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला १० हजार किलोमीटरला सुमारे ६६७ लिटर लागतात, १२ देणारीला सुमारे ८३३. वर्षाला १६७ लिटरचा फरक. हा फरक कधी कमी हवेचे टायर, अडकलेला ब्रेक, जुने प्लग किंवा उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप) यांतून आलेला असतो, आणि यातली बहुतेक कामं त्या इंधनापेक्षा स्वस्त पडतात. म्हणून टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहायची सवय लावा. ॲव्हरेज अचानक पडलं तर गाडी तुम्हाला काहीतरी सांगते आहे.

त्यासाठी एक वही गाडीतच ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या मेकचा भाग, किती खर्च. दोन वर्षांनी हीच वही सांगेल की गाडी स्थिर आहे की दर तीन महिन्यांनी नवीन काहीतरी मागते आहे.

थांबायचं कधी

'आता हिची किंमतच एवढी राहिली नाही, कशाला एवढा खर्च करायचा,' असं सगळे म्हणतात. ही तुलना मला चुकीची वाटते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी मोजू नका, पर्यायाशी मोजा. नवा क्लच टाकून ही गाडी आणखी तीन वर्षं चालणार असेल, तर विचारायचं ते असं: याच पैशांत दुसरीकडे तीन वर्षांचा प्रवास मिळतो का? बहुतेक वेळा मिळत नाही. शिवाय दुसरी जुनी गाडी घेतली तर तिची थकबाकी पुन्हा पहिल्यापासून. हिची तरी तुम्ही फेडलेली आहे.

मात्र सांगाडा गंजला, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकदम मोठं काम मागू लागले, किंवा गाडीच्या भरवशावर लांब जायची भीती वाटायला लागली, तर थांबा. शेवटचं कारण कागदावर येत नाही, पण रात्री घरच्यांना घेऊन निघताना तेच मनात असतं.

विकताना ती वही पुढच्या मालकाच्या हातात द्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टायमिंग बेल्ट, कूलंट आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते लिहा, आणि खाली जे करायचं राहून गेलंय तेही.